कुलूप लावून दिलेला पेपर

आमच्या शिवसदन बिल्डिंगमध्ये दिवसा दार बंद नसतं. डोंबिवलीत आता टॉवर झालेत, तिथे म्हणे शेजारी कोण राहतं ते गणपतीतच कळतं. आमच्याकडे तसलं नाही. सकाळी दुधाला उघडलेलं दार रात्री जेवणं झाली की लोटायचं. दिवसा कुणाचं दार बंद दिसलं तर पहिला विचार येतो, गावी गेले की काय. दुसरा येतो तो बोलून दाखवायचा नसतो. मी या मजल्यावरची सगळ्यात जुनी, म्हणून सगळ्यांच्या जादा किल्ल्या माझ्याकडे. साडीला फॉल-पिको करते, मशीन दारातच मांडलंय. कोण आलं, कोण गेलं, कुणाची भाजी लागली, हे मला न विचारता कळतं. आगाऊ म्हणा हवं तर, मला सवय आहे.

समोरच्या घरात संचिता राहते. नवरा उत्तम शीळफाट्याच्या पुढे एका गोडाऊनमध्ये कामाला, मुलगी पायल चौथीत, आणि सासरे दगडूआण्णा. वन रूम किचन, आणि किचनला दार नाही, पडदा. संचिताचं एका वाक्यात सांगायचं तर, दुसऱ्याचा पाय हिच्या पायावर पडला तरी सॉरी ही म्हणणार. भाजीवाल्याने सडका टोमॅटो घातला तर त्याला सांगताना हिचाच चेहरा पडतो. मी तिला म्हणायचे, अगं बाई, जन्माला आलीस याची पण माफी मागून टाक एकदाची, म्हणजे सुटशील.

अशा बाईने घरी बसून हिशेबाचा कोर्स करायचं मनावर घेतलं. बारावी कॉमर्स करून लग्न झालेलं, पुढे राहून गेलं. पुस्तकं कुरियरने आली, शिकवणं मोबाइलवर, आणि शेवटी एक मोठा पेपर. पास झाली की सर्टिफिकेट. माझ्या मुलाच्या, विनीतच्या ओळखीने माजिवड्याला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात जागा होती. त्यांनी स्पष्ट सांगितलेलं, सर्टिफिकेट आणा आणि खुर्चीवर बसा, महिनाअखेरपर्यंत थांबतो.

उत्तम काही वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "कर की. घरचं बघून कर." झालं. हे "घरचं बघून" ज्याने शोधून काढलं ना, तो मला एकदा भेटायला हवा. संचिता घरचं बघून करायला लागली. कानात इअरफोन, हातात लाटणं, तोंडाने पुटपुटणं चाललेलं, "येईल ते नावे, जाईल ते जमा." पोळी करपली की पोळीकडे बघून कसानुसा चेहरा करायची. पायलला शाळेत सोडायला पाच मिनिटं उशीर झाला की संध्याकाळी तिला शिरा करून घालायची. अभ्यासाला बसली की घर खुणावतंय, घरात हात घातला की पुस्तक. मन कुठेच सुखाचं नाही. मला बघवायचं नाही, म्हणून मी ओरडायचे. मी ओरडले की ती मला पण सॉरी म्हणायची.

एकट्या आण्णांना या अभ्यासाचं मनापासून कौतुक. साताऱ्याकडचा माणूस, शाळा दोन इयत्ता. कोलशेतच्या एका कंपनीत जन्मभर गेटवर वॉचमन. अजून पायजम्याला इस्त्री लागते आणि बसले तरी पाठ ताठ. ती कणीक मळायला बसली की ते विचारायचे, "आज काय आलं पोरी, काय गेलं?" ती त्यांना समजावून सांगायची आणि ते मान डोलवायचे. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं हे तिलाही माहीत होतं. पण दिवसभरात तेवढ्याच वेळात मी तिला हसताना बघायचे.

तर पेपर. तो पण घरीच, विनीतच्या लॅपटॉपवर. लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवायचा आणि खोलीत एकटीने बसायचं. दुसरं माणूस दिसलं किंवा दुसरा आवाज आला, की पेपर तिथल्या तिथे बंद. मोबाइल बंद करून लांब ठेवायचा. हे नियम ज्यांनी केले त्यांच्या घरात प्रत्येकाला वेगळी खोली असणार, आणि तिला दारही असणार.

पहिल्या वेळी तिने आण्णांना पडद्यामागे बसवलं. म्हणाली, "आण्णा, पेपर होईपर्यंत बाहेर येऊ नका हं." आण्णा बसले. पण बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं, पोर सकाळपासून चहा न घेता बसलीय. म्हणून या माणसाने, ज्याने उभ्या आयुष्यात गॅस पेटवला नव्हता, त्याने चहा केला. चोरपावलांनी बाहेर आले, कप तिच्या कोपराशी ठेवला आणि तसेच चोरपावलांनी मागे गेले. एक शब्द बोलले नाहीत. तेवढ्यात पेपर बंद.

मी धावत गेले तेव्हा संचिता लॅपटॉपसमोर तशीच बसलेली आणि आण्णा पडदा हातात धरून उभे. ती त्यांनाच समजावत होती, "आण्णा, तुमचं काही नाही, माझंच चुकलं. मी चहा आधी घ्यायला हवा होता." आणि तो चहा तिने पिऊन संपवला. त्या दिवसापासून आण्णांनी चहा सोडला. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "पित्त होतंय." पित्त कसलं, डोंबल. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे तर बिचाऱ्याने खाल्लंही नव्हतं काही.

अजून एकदाच बसता येत होतं, त्याच महिन्यातल्या एका रविवारी. तोही गेला की पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून, आणि माजिवड्याची खुर्ची काय वर्षभर रिकामी राहणार होती? रविवार म्हणजे आमच्या पॅसेजमध्ये पोरांचं क्रिकेट. त्यात दार बंद दिसलं तर प्रत्येक जण वाजवून विचारणार, "काय गं, बरं आहे ना सगळं?" शेवटी मीच म्हटलं, "आत बस, मी बाहेरून कुलूप घालते. कुलूप बघितल्यावर कुणी वाजवणार नाही. मला तसंही कोलशेतला भाचीच्या बाळाच्या बारशाला जायचंय, पायलला घेऊन जाते. पेपर संपेस्तोवर येऊन उघडते."

"आणि आण्णा?" ती म्हणाली.

आण्णांचाच तर प्रश्न होता. तुमच्यामुळे पेपर बंद पडला म्हणून आता घराबाहेर थांबा, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने मग त्यांना सांगितलं, या वेळी पेपर ठाण्याला सेंटरवर आहे, शीलाकाकूंबरोबर, म्हणजे माझ्याबरोबर, जाते, उत्तम कामावर, घराला कुलूप असेल. तुम्ही बागेतल्या कट्ट्यावर बसा, डबा देते, काकू आल्या की वर या. आण्णांनी निमूट ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाले. खोटं बोलताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती, डब्यात चपात्या भरत होती. एवढ्या चपात्या, की कट्ट्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना पुरल्या असत्या.

रविवारी आण्णा डबा घेऊन, काठी टेकत खाली उतरले. मी कुलूप घातलं, ओढून बघितलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि पायलला घेऊन निघाले. खरं सांगते, आतून काही आवाज आला नाही तेव्हा मलाच कसंतरी झालं. जिवंत माणूस आत आणि दाराला बाहेरून कुलूप. पण म्हटलं, काही तासांचा प्रश्न आहे.

बारसं वेळेत झालं, मी पुरीचा आग्रहही मोडला, पण माजिवड्याला गाड्या अशा तुंबलेल्या की रिक्षा जागची हलेना. मी रिक्षावाल्यावर ओरडले, तो पुढच्या टेम्पोवर ओरडला. बिल्डिंगमध्ये शिरले तेव्हा पेपर संपत आलेला असणार. पायल खालीच मैत्रिणींत खेळायला थांबली. मी धापा टाकत जिना चढले आणि शेवटच्या वळणाला थबकले.

आमच्या मजल्याच्या वरच्या पायरीवर आण्णा बसलेले. पाठ ताठ, काठी मांडीवर आडवी, शेजारी डबा, न उघडलेला. पांढरा पायजमा ओला झालेला, आणि ओल खालच्या पायरीपर्यंत आलेली. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ते कुजबुजले. "पेपर चाललाय."

मी त्यांना हाताला धरून माझ्या घरात आणलं, विनीतची ट्रॅकपँट दिली. जिना पुसून घेतला. मग ते कपडे बदलून बाहेर आल्यावर त्यांना धरलं, दबक्या आवाजात, पण रागानेच. "आण्णा, तुम्ही कट्ट्यावर होतात ना?"

"तुमी गेल्यावर लगेच वर आलो."

"पण घराला कुलूप होतं. ती आत आहे हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"तिची बाहेरची चप्पल रॅकवर होती," आण्णा म्हणाले. "विनीतची आई, मी जलमभर गेटवर बसलोय. माणूस आत हाय का बाहीर, ते मला कुलपाकडं बघून ठरवावं लागत न्हाई."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मी नसताना पॅसेजमध्ये पोरं क्रिकेट खेळायला आली, ती त्यांनी नुसत्या काठीने खुणा करून हाकलली. सिलिंडरवाला आला, त्याला जिन्यातूनच परत पाठवला. वरच्या मजल्यावरच्या बायका हळदी-कुंकवाचं बोलावणं करत आल्या, त्यांना म्हणे हात जोडले. गेल्या खेपेला माझ्यापायी गेला, या खेपेला कुणापायी जाऊ द्यायचा नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात.

"अहो, मग खाली सोसायटीच्या संडासात जाऊन यायचं होतं," मी म्हटलं. साखरेचा माणूस, त्यांना घडीघडीला जावं लागतं, हे सगळ्या मजल्याला ठाऊक.

"बदलीचा रिलीव्हर आल्याबिगर गेट सोडायचं नसतं," ते म्हणाले. चाळीस वेळा कुणाला सांगितलं असेल अशा आवाजात. मग त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. "तिला सांगू नका. मला खरं वाटलं असं तिला वाटतंय, तर तसंच ऱ्हाऊ द्या. न्हाईतर पोर खोटं बोलल्याचं मनाला लावून घेईल."

मी शब्द दिला, जाऊन कुलूप उघडलं. संचिता लॅपटॉप मिटून बसलेली, पांढरीफटक. पेपर पूर्ण झालेला, मधे बंद नाही पडला. मी म्हटलं, सुटलो.

कसलं सुटलो. त्या दिवसापासून ती पोरगी पार मिटली. आण्णांच्या पानात तूप वाढतेय, आण्णांचे पाय दाबतेय, आण्णांना इस्त्रीचे दोन-दोन पायजमे काढून ठेवतेय, आणि स्वतःच्या ताटातलं तसंच. निकाल आला, चांगल्या मार्कांनी पास. पायल अख्ख्या बिल्डिंगभर नाचली. उत्तमने पेढे आणले आणि पहिला पेढा तिला द्यायला गेला, तर ही म्हणाली, आधी आण्णांना. माजिवड्याहून फोन आला, हिने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा नाही. महिना संपायला आलेला. मी मशीन थांबवून तिच्या घरात गेले आणि म्हटलं, "काय चाललंय तुझं? इतकी मरमर करून हातात आलेलं सोडतेस?"

आण्णा कट्ट्यावर गेलेले. ती भांडी घासत होती. मागे न वळता म्हणाली, "काकू, त्या दिवशी मी तुमच्या दोरीवर आण्णांचा पायजमा बघितला."

मी पडदा सारून आत गेले.

"ते कट्ट्यावरून मधेच आले असणार. बरं वाटत नसणार त्यांना. वर बघतात तर कुलूप, तुम्ही पण नाही. जायला कुठे जागा नाही म्हणून जिन्यात बसले." तिने नळ बंद केला. "मला ऐकू आलेलं, काकू. आधी काठीचा आवाज आला, मग खोकला. आण्णांचा खोकला मी गर्दीत ओळखेन. मला फक्त एक हाक मारायची होती. खालून कुणीतरी आलं असतं, कुलूप तोडलं असतं. पण पेपर गेला असता. मी स्क्रीनकडे बघत राहिले. आणि मग काय केलं माहितीय? मी पुढचा प्रश्न सोडवला. तो बरोबरही आला असणार." ती माझ्याकडे वळली. "ते बाहेर पायजम्यात... आणि मी आत घसारा काढत होते. त्या सर्टिफिकेटवर मी कुठल्या तोंडाने नोकरी करू? त्यांना तर वाटतंय, मी ठाण्याला होते."

दिलेला शब्द मोडू नये, हे मलाही माहीत आहे. पण इकडे ही कुढून मरतेय, खुर्ची हातची जातेय, आणि मी शब्द धरून बसू? मी सगळं सांगून टाकलं. चप्पल, क्रिकेटची पोरं, सिलिंडरवाला, रिलीव्हर, सगळं. म्हटलं, अगं, तो माणूस अडकून नव्हता बसला. तुझ्यासाठी बसला होता. मला वाटलं, आता हिच्या छातीवरचा दगड उतरेल.

"म्हणजे मी आत आहे हे त्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "खोटं बोलले तेही माहीत होतं." माझं हे असं. करायला जाते एक आणि होतं भलतंच.

तेवढ्यात आण्णा आले. काठी कोपऱ्यात ठेवली, आमचे चेहरे बघितले, मग माझ्याकडे बघितलं. कळायचं ते त्यांना कळलं. "बायकांच्या पोटात काय ऱ्हात न्हाई," एवढंच म्हणाले आणि कॉटवर बसले.

संचिता त्यांच्या पायाशी जाऊन बसली. "आण्णा, तुम्ही दार का नाही वाजवलंत?"

"वाजवलं असतं तर तू उठली असतीस," आण्णा म्हणाले. "पेपर गेला असता तरी उठली असतीस. मला काय ठावं न्हाई व्हय तू कशी हायस ते? म्हणून तर वाजवलं न्हाई."

मी संचिताकडे बघेना. आता हे वाक्य हिने मुकाट घ्यावं आणि उठावं, असं मला वाटत होतं. कुणीही घेतलं असतं. मी तर नक्कीच घेतलं असतं.

"नसते उठले," ती म्हणाली. "आण्णा, मला तुमचा खोकला ऐकू आला होता. तुम्हीच आहात हे कळलं होतं मला. काहीतरी बिनसलंय हेही कळलं होतं. मी उठले नाही. मी पेपर लिहीत राहिले."

आण्णांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि मला वाटलं, दुखावला म्हातारा. दुखावणारच. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला आणि त्याच्याकडे बघत बसले.

"ऐकू आला?" ते म्हणाले. "दोनदाच आला गं खोकला. मग मी ह्यो टॉवेल तोंडात कोंबला. म्हटलं, आता आत जायाचा न्हाई आवाज. तरी आला व्हय?" त्यांनी माझ्याकडे मान वळवली, डोळे भरलेले. "बघा, विनीतची आई. ह्याही पेपरात मी मधी आलोच."

संचिता त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. मी पण रडले, लपवत नाही. आण्णा तिच्या डोक्यावर थोपटत परत परत तेच विचारत होते, माझ्यामुळे काही चुकलं तर नाही ना, एखादा मार्क गेला तर नाही ना. आणि ती नाही म्हणत होती, नाही हो आण्णा, नाही गेला. संध्याकाळी तिने माझ्यासमोर माजिवड्याला फोन लावला.

सोमवारपासून जाते कामाला. निघताना रोज मला म्हणते, "काकू, सॉरी हं, आण्णांकडे बघाल ना?" आणि मी म्हणते, "जा गं बाई, उशीर होईल." दार दिवसभर उघडं, आण्णा दारात खुर्ची टाकून बसलेले, मी समोर मशीनवर. तिला काम जमतंय, ऑफिसातले खूश आहेत. चहा मात्र आण्णांनी अजून सुरू केलेला नाही.

संध्याकाळी ती घरी असते तेव्हा आण्णा नुसते खाकरले तरी हातातलं टाकून उठते. गॅसवर दूध असो, पायलची वेणी असो, उठतेच. आणि आण्णांचं म्हणाल, तर ती घरात असली आणि खोकला आला की टॉवेल तोंडाशी धरून बाहेर जिन्यात येतात आणि तिथे खोकतात.